दोनशे लिटर समुद्र, सिंहगड रोड

माझं माहेर रत्नागिरी. झाडगावच्या मत्स्यालयात शाळेच्या सहलीने मी तीनदा गेले आणि तिन्ही वेळा बाईंनी मला दंडाला धरून काचेपासून बाजूला केलं. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं गेली. २०२३ च्या दिवाळीत बोनस हातात आला आणि मी घरात जाहीर केलं की हॉलच्या कोपऱ्यात खाऱ्या पाण्याची टाकी करायची, प्रवाळाची. नवऱ्याने विचारलं, "किती लागतील?" मी म्हटलं साठ हजार. हा आकडा लक्षात ठेवा. आईला फोन केला तर ती म्हणाली, "मासे खायचे सोडून बघत कसले बसता?"

घरात एकच माणूस गंभीरपणे ऐकत होतं, ते म्हणजे माझे सासरे. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "वजन किती होईल?"

तिथूनच खरं काम सुरू झालं. टाकी ठरवली तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खाली कपाटात दुसरी छोटी टाकी, तिला सम्प म्हणतात. सगळी यंत्रं त्यात लपतात. दोन्ही मिळून साधारण दोनशे लिटर पाणी. काच, खडक, वाळू, स्टँड धरून साडेतीनशे किलोच्या आसपास. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सोसायटीच्या ऑफिसात अर्ज दिला, तर सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "वहिनी, हा स्विमिंग पूल नाही ना?" कमिटीची बैठक महिन्यातून एकदाच. त्यांनी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र मागितलं. इंजिनिअरने ३,५०० रुपये घेतले, नकाशा बघितला, भिंतीला टकटक केली आणि सांगितलं की घराच्या स्लॅबला चौरस मीटरला २०० किलो चल भार, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, धरलेला असतो, तेव्हा टाकी खोलीच्या मध्यावर ठेवू नका. बीमला लागून, कोपऱ्यात, लांब बाजू भिंतीकडे करून ठेवा. "सत्यनारायणाला पाच माणसं एका कोपऱ्यात उभी राहतात, तेवढंच समजा. फक्त ही माणसं परत जात नाहीत." संक्रांतीच्या आदल्या दिवशी परवानगीचं पत्र मिळालं. गळती झाल्यास खालच्या फ्लॅटचं नुकसान आम्ही भरू, ही अट त्यात ठळक अक्षरात होती. कोणी विचारलं नाही तरी हे पत्र घ्याच. पुढे कटकट झाली की ते कामाला येतं.

या मधल्या काळात मी कायदा वाचला, आणि माझं स्वप्न जवळजवळ तिथेच बदललं. २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळे दगडी प्रवाळ आहेत. शिवाय काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखेही. वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत. शिक्षा तीन ते सात वर्षं. जिवंतच नव्हे, मेलेला, सुकलेला तुकडाही घरात ठेवता येत नाही. समुद्रघोडेही नकोत. मी प्रिंटआउट घेऊन वनखात्याच्या एका कार्यालयात गेले. तिथल्या क्लार्कना वाटलं मला पोपटाची नोंदणी करायची आहे. एका साहेबांनी मात्र यादी नीट वाचली आणि म्हणाले, "दगडी काही नको. मऊ जातीचं असेल तर दुकानदाराकडून शास्त्रीय नावासकट बिल घ्या." लेखी उत्तर मागितलं होतं, ते आजतागायत आलेलं नाही. २०२४ मध्ये परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नवे नियम आले, तेव्हा केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरही शोधलं. नोंदणी लागते ती साइट्स (CITES) या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतल्या प्राण्यांना. क्लाऊनफिश किंवा मी नंतर घेतलेले मऊ प्रवाळ त्यात नाहीत. हे का सांगतेय? कारण नंतर एका दुकानात मला हॅमर कोरल दाखवला गेला, दगडी जातीचाच, हिरव्या टोकांचा, पाण्यात डोलणारा. "चालतं मॅडम, सगळेच ठेवतात." जीव तुटला, पण मी तो घेतला नाही. मेलेल्या प्रवाळाचे दगडही 'लाइव्ह रॉक' म्हणून स्वस्तात मिळत होते. त्याऐवजी मी कारखान्यात बनवलेला सच्छिद्र खडक आणि अरागोनाइट वाळू घेतली. दोन्हीचे १६,००० झाले.

टाकी स्थानिक काचवाल्याकडून करून घेतली. १० मिमी काच, मागच्या बाजूला ओव्हरफ्लोसाठी भोक, सम्पसकट १९,०००. ती २० जानेवारीला आली. लगेच आत घ्यायची नाही, हे मी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून गॅलरीत आठ दिवस नळाचं पाणी भरून खाली वर्तमानपत्र पसरून ठेवली. सहाव्या दिवशी 'सकाळ'चा एक कोपरा ओला निघाला. सिलिकॉनमध्ये सुईएवढी जागा राहिली होती. काचवाल्याने काही न बोलता दुरुस्त करून दिलं, पण हेच हॉलमध्ये झालं असतं तर ते ठळक अक्षर आठवलं असतं. स्टँड लोखंडी चौकोनी पाइपचा, पावडर कोटिंग करून. लाकडीच हवा असा नवऱ्याचा आग्रह होता. मिठाच्या पाण्याचा एक थेंब रोज सांडतो, वर्षाला किती, असा हिशेब बाबांनी मांडला आणि वाद संपला.

आता पाणी. या छंदात मासे शेवटी येतात, आधी पाणी. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो; त्याच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) पाचशेच्या वर. घरच्या आरओमधून ते तीस-पस्तीसवर येतं. पिण्यासाठी उत्तम, पण टाकीसाठी नाही. त्या उरलेल्या तीसमध्ये सिलिकेट, फॉस्फेट काय काय असतं, आणि शेवाळाला तेच हवं असतं. म्हणून आरओच्या पुढे रेझिनचा टप्पा असलेलं वेगळं युनिट घेतलं, ९,००० रुपये. मीटरवर शून्य दिसलं तेव्हा मी फोटो काढून आईला पाठवला. ती म्हणाली, "शून्य कशाला पाठवलंस?" एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर वाया जातं. ते आम्ही बादल्यांत धरून लादी पुसायला, गॅलरी धुवायला वापरतो. दोनशे लिटर भरायला तीन दिवस आणि दोन रात्री लागल्या. मग मीठ. जेवणातलं नव्हे, समुद्राचे सगळे क्षार असलेलं मिश्रण. लिटरला ३७ ग्रॅमच्या हिशेबाने साडेसात किलो. पिंपात पंप सोडून चोवीस तास ढवळलं. १० फेब्रुवारीला टाकी भरली. पाणी दुधासारखं गढूळ. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहिलं तर आरपार स्वच्छ, आत पांढरे दगड, आणि कोणीच नाही.

कोणीच नाही हे पुढचे चाळीस दिवस चाललं. पाण्यात अमोनिया तयार व्हावा लागतो, तो खाऊन नायट्राइट करणारे जिवाणू वाढावे लागतात, मग नायट्राइटचं नायट्रेट करणारे. अमोनिया बाटलीतही मिळतो, पण कोकणी डोक्याला सोपा उपाय सुचला: मासळीवालीकडून एक मध्यम कोलंबी आणली आणि टाकीत सोडली. "एकच?" तिने विचारलं. एकच. चौथ्या दिवशी हॉलमध्ये बसवेना. त्या संध्याकाळी नेमके नवऱ्याच्या ऑफिसचे लोक आले. ज्यांना हे करायचंय त्यांनी कोलंबी जुन्या मोज्यात बांधून सोडा, म्हणजे सडलेली काढता तरी येते. मला ती दगडाखालून चिमट्याने तुकड्यातुकड्यांनी काढावी लागली.

इथून बाबांनी सूत्रं हातात घेतली. एक लांबडी, कडक पुठ्ठ्याची वही आली. रकाने: तारीख, वेळ, तापमान, क्षारता, भरलेलं पाणी, शेरा. रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सात. आयुष्यभर धरणांच्या पातळ्या लिहिलेल्या माणसाला बाष्पीभवन समजावून सांगावं लागलं नाही. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची घट गोड्या पाण्याने भरायची, खाऱ्या नाही. त्यांना हे माझ्याआधी कळलं होतं. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक दिवस एकच शब्द असायचा: निरंक.

होळीच्या दिवशी, २४ मार्चला, टेस्ट किटच्या बाटल्या खिडकीत ओळीने लावल्या. अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. नायट्रेट वीस. पन्नास लिटर पाणी बदललं आणि ३० तारखेला सहा टर्बो गोगलगायी आणल्या. तीन दिवसांत तीन मेल्या. एक तर तळाशी उलटी पडली होती, पाय अर्धा बाहेर, आणि मी हातमोजा घालून तिला सरळ करत होते. ती परत उलटत होती.

चूक माझी होती. क्षारता मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर मी शुद्ध पाण्याने शून्यावर आणलं होतं आणि समाधान मानलं होतं. तीनशे पन्नास रुपयांचं ३५ क्षारतेचं (हजारात ३५ भाग) प्रमाण द्रावण आणून थेंब टाकला तर रेघ अडतीसवर दिसली. म्हणजे मी दीड महिना ज्याला पस्तीस म्हणत होते ते बत्तीस होतं. दुकानाच्या पस्तीसच्या पाण्यातून गोगलगायी थेट त्यात. बाबांनी वहीतल्या त्या रकान्यावर तांबड्या शाईने 'दुरुस्ती: उणे ३' असं लिहून दीड महिन्याच्या प्रत्येक पानावर सही केली. मग रोजची घट दोन आठवडे खाऱ्या पाण्याने भरत क्षारता हळूहळू वर आणली. उपकरण आणाल त्याच दिवशी हे द्रावण आणा.

एप्रिलमध्ये वाळूवर चॉकलेटी पूड साचली. डायटम, म्हणजे एक सूक्ष्म शेवाळ. ते आपोआप जातं, गेलंही. न जाणारी गोष्ट म्हणजे पुण्याचा उन्हाळा. प्रवाळांना २५ ते २७ अंश हवेत आणि वहीत १४ एप्रिलला लिहिलंय ३१.८. पंखा लावून दोन-तीन अंश उतरतात, पण मग रोज पाच लिटर पाणी उडतं. शेवटी चिलर, २९,०००. बजेट तिथे मोडलं. तो मी हौसेने कपाटात बसवला, दार लावलं, आणि तो थांबेचना. स्वतःचीच गरम हवा ओढत बसला होता. खिडकीच्या कोपऱ्यातून पाइप काढून तो गॅलरीत नेला तेव्हा कुठे दिवसाला आठ तासांवर आला. सगळ्या यंत्रांचं मिळून महिन्याला साधारण सव्वाशे युनिट वाढलं. वायरींचंही इथेच सांगते: प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळाशी टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही. आणि ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर टाकीआधी तो बसवा.

मासे दोनच घ्यायचे ठरले होते. क्लाऊनफिशची पैदास आपल्याकडे आता होते. ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाच्या केंद्रातही शोभेच्या सागरी माशांची उबवणी आहे. समुद्रातून पकडलेले नकोत, कैदेत जन्मलेलेच हवेत, असं मी दुकानदाराला तीनदा सांगितलं. १२ मेला ते आले, दोघांचे १,६००. थेट टाकीत नाही. चाळीस लिटरच्या प्लास्टिकच्या टबात, स्पंजचा फिल्टर, लपायला पीव्हीसीचे दोन एल्बो. बाबांनी टबावर कागद चिकटवला: विलगीकरण कक्ष. चार आठवडे. खाऱ्या पाण्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मोठ्या टाकीत शिरला की सगळे मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने रिकामी ठेवावी लागते. त्यापुढे चार आठवडे काहीच नाहीत. ९ जूनला दोघं टाकीत गेले. एक मोठा, एक छोटा. क्लाऊनफिश सगळे नर म्हणूनच जन्मतात आणि जोडीतला दांडगा पुढे मादी होतो, हे ऐकून नवरा काही वेळ गप्प होता.

मग २५ जुलै. ज्यांना त्या दिवशीचा सिंहगड रोड आठवतो त्यांना सांगायला नको. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून विसर्ग वाढवलेला, एकतानगरीत घरांत पाणी शिरलेलं. आमची इमारत उंचावर आहे, पण पहाटे साडेपाचला वीज गेली. बाबा खिडकीत उभे राहून नदीकडे बघत होते आणि क्युसेकमध्ये बोलत होते. मी टाकीसमोर. पंप बंद झाले की हॉल इतका शांत होतो की घाबरायला होतं. प्रवाह नाही म्हणजे पाण्यात प्राणवायू मिसळत नाही, आणि खडकातले जिवाणू मात्र तो वापरतच राहतात. बॅटरीवरचा हवेचा पंप मी आणून ठेवला होता, सेल नव्हते. टीव्हीच्या रिमोटचे सेल काढून घातले, ते बाराला संपले. नंतर स्टीलच्या लोट्याने पाणी घेऊन फूटभर वरून सोडायचं. अर्धा तास मी, अर्धा तास बाबा, मध्ये नवरा. दुपारी खालच्या रस्त्यावरून लोकांना होडीतून आणल्याचे व्हिडिओ येत होते आणि मी दोन माशांसाठी लोटा ओतत होते. त्याची लाज वाटली, आणि तरी ओतत राहिले. संध्याकाळी शेजारच्यांच्या दोन नातेवाइकांना आमच्याकडे झोपायला आणलं. त्यातल्या आजीही थोडा वेळ लोट्याला बसल्या. वीज रात्री नऊला आली. मासे वर येऊन धापा टाकत होते, पण होते. त्या दिवशीचा वहीतला शेरा 'निरंक' नाही. पाऊण पान आहे. दुसऱ्या आठवड्यात इलेक्ट्रिशियनला बोलावून एक वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) इन्व्हर्टरवर घेतला. वीसेक वॅटचं काम. ते पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

ऑगस्टअखेर प्रवाळ आले, सगळे मऊ जातीचे: मशरूम, झोअँथिड, ग्रीन स्टार पॉलिप आणि एक लेदर. एकूण सात हजार. दिवा आधी तीस टक्क्यांवर, सहा तास, मग दर आठवड्याला थोडा वाढवला. निळा प्रकाश गॅलरीतून दिसतो. समोरच्या इमारतीतून विचारणा झाली की घरात बार काढलाय का. तुकडे दगडाला चिकटवायला साधा सुपरग्लू चालतो, जेलवाला. ग्रीन स्टार वेगळ्या दगडावर ठेवा. हिरवळीसारखा पसरतो आणि दुसऱ्यांना गाडून टाकतो.

आणि एक गोष्ट जी दुकानात कोणी सांगितली नाही. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, माणसाला आजारी पाडणारं जहाल विष. ऑक्टोबरमध्ये दगडावर हिरवं केसाळ शेवाळ वाढलं, तेव्हा बाबा एक दगड बाहेर काढून, गरम पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन मोरीत बसले होते. मी ओरडलेच. सासऱ्यांवर ओरडण्याची ही पहिलीच वेळ. झोअँथिड असलेला दगड घासायचा नाही, उकळायचा तर अजिबात नाही. वाफेतूनही बाधा होते. हात घालताना हातमोजे, कापताना चष्मा. बाबा दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले. तिसऱ्या दिवशी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर 'सुरक्षाविषयक सूचना' लिहिलेल्या दिसल्या, सहा कलमांत. शेवाळ गेलं ते घासून नाही, मी माशांना दिवसातून तीनदा खाऊ घालत होते ते एकदावर आणल्यावर.

नोव्हेंबरात लेदर मिटला. हाताएवढा, तळव्यासारखा, त्यावर बारीक बारीक फुलं उघडलेली असायची; ती सगळी आत गेली आणि वर मेणकापडासारखी चकाकती साय धरली. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. क्षारता पस्तीस, तापमान २६.१, अल्कलिनिटी आठ, सगळं जागच्या जागी. मी रोज ऑफिसला जाण्याआधी वाकून बघायचे. हात लावावासा वाटायचा. बाबा म्हणायचे, "अगं, आकडे बरोबर आहेत ना? मग बस." नवव्या दिवशी सकाळी प्रवाहात ती साय एका कडेने सुटून फडफडत होती, चहावरच्या सायीसारखी. दुपारपर्यंत ती गेली आणि संध्याकाळी सातला फुलं बाहेर. लेदर अशी कात टाकतो, अंगावरची घाण त्यासोबत जाते. त्या दिवशीचा शेरा, लेदरला बाबांनी दिलेल्या नावाने: 'मखमल पूर्ववत.'

सगळा खर्च मांडला तर दीड लाखाच्या थोडा वर गेला. साठ हजार म्हणणारी मीच. यातले लाखभर एकदम नाही, पंधरा महिन्यांत गेले, म्हणून झेपलं.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत बाबांना साताऱ्याला पुतण्याच्या लग्नाला जायचं होतं, पाच दिवस. निघायच्या आदल्या रात्री त्यांनी मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि दोन पानांचा कागद पुढे केला. वर शीर्षक: कार्यभार हस्तांतरण. खाली प्राण्यांची यादी, संख्येसह. उपकरणांची यादी, सद्यस्थितीसह. मिठाचा साठा, किलोत. सेलची जागा, 'रिमोटमधले वापरू नयेत'. शेवटी दोन रेघा, देणार आणि घेणार. मी सही केली. त्यांनी ती नीट बघितली, तारीख राहिली होती, ती माझ्याकडून घालून घेतली आणि एक प्रत स्वतःच्या बॅगेत ठेवली.